मावशीचा नंबर कोण सांगतंय?

१

ज्या बाईला पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागत होती, ती बाई गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी स्केटिंग करून आली होती. निदान आरोग्यसेवेच्या पडताळणी अधिकाऱ्याचं तसं म्हणणं होतं, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती.

तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून हातातल्या कागदावरून वाचत होता. पाव, लोणी, पाव. हे घरचं, ते सोडा, असं तो म्हणाला. मग स्केटिंगची तिकिटं. दुसऱ्या दिवशी पाव, आणि त्यानंतर केबल कारने डोंगरावर. वर कॉफी. मग पुन्हा पाव, तळ्यात भाड्याची नाव, आणि शेवटी लोकरीच्या टोप्या.

मावशीने एकदा आपल्या पट्ट्यात जखडलेल्या पायाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"नाव वल्हवली कुणी, साहेब? मी?"

"ते नोंदीत नसतं," अधिकारी म्हणाला.

नोंद कशी होते, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं. दुकानात बिल करताना गल्ल्यावरचा माणूस सवयीने कर क्रमांक विचारतो. सांगितला, तर ते बिल तुमच्या नावावर चढतं आणि वर्षाअखेरी करात थोडी सूट मिळते. नाही सांगितला, तरी कुणाचं काही अडत नाही. ओळखपत्र कुणी बघत नाही, त्यामुळे ज्याला दुसऱ्याचा नंबर पाठ आहे तो खुशाल दुसऱ्याचा सांगू शकतो. पण सांगेल कशाला?

मावशीच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. आरोग्यसेवेकडून एक व्यायामवाली बाई रोज घरी यायची आणि तो गुडघा थोडा थोडा वाकवायची. ही सेवा फक्त घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी होती. येत्या गुरुवारी सकाळी घरच्या कुणी कार्यालयात येऊन खुलासा केला नाही, तर ती बंद होणार होती. आणि ती आत्ता बंद झाली, तर गुडघा कायमचा काठीसारखा ताठ राहील, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. घरात वरच्या मजल्यावर पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या होत्या. जिना चढता आला नाही, तर त्या खोल्या कशा चालवायच्या?

नंबर कुणाला दिलाय का, असं अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा कुणालाच नाही, असं मावशीने ठासून सांगितलं. दाराशी उभी असलेली भाची हे सगळं ऐकत होती. तिने पदार्थविज्ञानात पदवी घेतली होती आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती. कुठलीही गोष्ट डोळ्याजवळ नेऊन बघायची तिला खोड, म्हणून मावशी तिला भिंगी म्हणायची.

"वरच्या पाहुण्यांपैकी कुणी असेल का?" भिंगीने विचारलं.

अधिकाऱ्याने मान हलवली. फिरायला आलेल्या माणसाला इथला कर क्रमांक लागतच नाही, तो म्हणाला. नोकरी केली, घर घेतलं, बँकेत खातं उघडलं तर गोष्ट वेगळी. "ज्यांना नंबर नसतो, ते नंबर सांगणार कुठून? त्यांना वगळा. नंबर माहीत असलेलं माणूस घरातलंच असतं, हा माझा अनुभव आहे."

हे बोलताना त्याची नजर घरात सगळीकडे फिरली आणि पलंगाखाली ठेवलेल्या मावशीच्या बुटांवर थांबली. बूट ओले होते.

२

बूट ओले का, याचं उत्तर सोपं निघालं. मावशीचा मुलगा, ज्याला भिंगी दादा म्हणायची, घाईघाईत आईचेच बूट पायात सरकवून अंगणात पाणी द्यायला गेला होता. पण हे सांगताना तो एवढा गडबडला, की भिंगीने त्याला तिथेच धरून ठेवलं.

आईचा नंबर त्याला पाठ होता. त्या मंगळवारी दुपारी कुठे होतास, या प्रश्नावर तो कामावर होतो म्हणाला. कामाच्या ठिकाणी फोन केला तर तो अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेला होता. मग तो दाढ दाखवायला गेलो होतो म्हणाला. कुठली दाढ, असं विचारल्यावर त्याने आधी डाव्या आणि मग उजव्या गालाला हात लावला.

"दादा, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," भिंगी म्हणाली. "मावशीचा पाय पणाला लागलाय."

तेव्हा तो बोलला. तो आणि त्याची होणारी बायको वेगळं घर बघत होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांचं. आई अशी पडलेली असताना हे तिला सांगायचं कसं, म्हणून तो चोरून जात होता. बुधवारी, गुरुवारीही तेच. घरं दाखवणाऱ्या दलालाने ते खरं असल्याचं सांगितलं, आणि तुमचे दादा स्वयंपाकघराची खिडकी बघूनच घर नाकारतात, अशी वर तक्रारही केली.

म्हणजे दादा नव्हे. भिंगीला हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण नंबर माहीत असलेल्या माणसांत आता फक्त दोन बायका उरल्या होत्या, आणि दोघींचेही मावशीवर उपकार होते.

३

पहिली शेजारची शिंपीणबाई. मावशीची खरेदी ती वर्षानुवर्षं करत आली होती, त्यामुळे नंबर तिला स्वतःच्या नावासारखा पाठ. भिंगीने फार आडवळणाने विषय काढला. शिंपीणबाई मशीनवर पाय थांबवून तिच्याकडे बघत राहिली.

"म्हणजे मी तुझ्या मावशीच्या नावावर टोप्या घेतल्या?"

"तसं नाही हो काकू."

"तसंच. टोपी शिवणारी बाई मी, टोपी विकत घेईन कुठून? तीही त्या केबल कारजवळच्या दुकानातून? गावातलं कुणी तिथे फिरकत नाही. ती टोपी पहिल्या धुण्यात बाहुलीची होते." मग ती जरा निवळली. "आणि माझा नंबर सोडून तिचा सांगून माझा काय फायदा? सूट तिलाच मिळणार. माझी तेवढी माया नाही तिच्यावर."

हे भिंगीला पटलं. पटलं म्हणूनच ती जास्त गोंधळली. गावातली माणसं त्या दुकानात जात नाहीत, आणि जे जातात त्यांना नंबर नसतो. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि तरी टोप्या विकल्या गेल्या होत्या.

दुसरी व्यायामवाली बाई. मावशी तिला पाठीमागे जल्लाद म्हणायची आणि तोंडावर ताई. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. रोज कामाची नोंद करताना मावशीचा नंबर घालावा लागतो, त्यामुळे तो मला माहीत आहे, असं तिने आपण होऊन सांगितलं. पण दिवसभर ती एका घरातून दुसऱ्या घरी जायची आणि प्रत्येक घरात कुणीतरी तिच्या हाताखाली ओरडत असायचं. साक्षीदारांना तोटा नव्हता.

निघताना ती दाराशी थांबली.

"एक विचारू का? रागावू नका. त्या खरंच गेल्या नसतील ना? मला आनंदच होईल, पण मला सांगायला हवं होतं."

भिंगी हसली, आणि मग तिचं हसू विरलं. आपण सगळ्यांना तपासलं, पण मावशीला तपासलं का? प्रयोगात ज्या गोष्टीची खात्री वाटते तिचीही मोजणी करायची असते, हे तिला चार वर्षं शिकवलं होतं. मावशीला आता कितपत हलता येतं, हे तिने कधी पाहिलं होतं? ती सकाळी उजाडायच्या आत प्रयोगशाळेत जायची आणि दुपारनंतर यायची.

खुलाशाच्या आदल्या दिवशी, बुधवारी, ती कुणाला न सांगता लवकर घरी आली. मावशीच्या खोलीचं दार तिने हळूच ढकललं.

पलंग रिकामा होता.

४

स्वयंपाकघरातून चाकांचा आवाज आला.

मावशी दादाच्या फिरत्या खुर्चीत बसली होती. आजारी पाय समोर स्टुलावर ठेवलेला, हातात लांब काठी. काठी जमिनीला टेकवायची, खुर्ची आणि स्टूल दोन्ही वीतभर पुढे ढकलायची, मग दम खायचा. अशा रीतीने ती साखरेच्या डब्यापर्यंत पोचली होती, आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर तिच्या हनुवटीवर लागली होती.

"पलंगावरून उतरवलं कुणी?" भिंगीने विचारलं.

"शिंपीणबाई आणि दादा. कामावर जाता जाता. तुझ्यादेखत मला कोण साखर खाऊ देणार?" मावशीने काठी खाली ठेवली. "आणि दादाने घर बघितलं का, ते विचार त्याला. मी पाय मोडून घेतलाय, डोळे नाही."

भिंगी समोरच्या खुर्चीत बसली. संशय घेतल्याची लाज वाटली, पण बरंही वाटलं. या वेगाने मावशी डोंगरावर पोचायची म्हटली तर तिला दोन वर्षं लागली असती.

मग उत्तर काय? तिने पुन्हा पहिल्यापासून विचार केला, पण या वेळी नंबर कुणाला माहीत आहे हा प्रश्न बाजूला ठेवला. शिंपीणबाईचं वाक्य तिच्या डोक्यात अडकलं होतं. माझा काय फायदा? नंबर चोरणाऱ्याने काहीच नेलं नव्हतं. तिकिटांचे पैसे त्याने स्वतः भरले होते आणि सूट मात्र मावशीच्या नावावर जमा होत होती. हा कसला चोर? हा तर देणगीदार.

ज्याला काही मिळत नाही, तो माणूस प्रत्येक गल्ल्यावर नंबर का सांगेल? सांगावाच लागतो असं त्याला वाटत असेल तर. पण सांगावा लागत नाही, हे इथल्या पोराला माहीत. म्हणजे हा माणूस इथला नाही. पर्यटकाला नंबर लागत नाही, हे खरंच होतं. साहेबालाही माहीत होतं आणि तिलाही. फक्त पर्यटकालाही ते माहीत असेल, असं दोघांनी धरून चाललं होतं.

आता एकच भोक उरलं होतं. मावशीचा नंबर त्याला कळला कसा?

टेबलावर सकाळचा पाव फडक्यात गुंडाळून ठेवला होता. भिंगी रोज घरी आल्यावर त्यातला उरलेला तुकडा खायची.

"मावशी, तू पडल्यापासून हा पाव कोण आणतं?"

"वरचे स्टेशनमास्तर. स्वभावाने देवमाणूस. आपण होऊन म्हणाले, मी पहाटे उठतोच."

"दादा नाही आणत?"

"दादा? तो पाव उठल्यावर खातो, उठून आणत नाही."

"आणि त्या पावाचं बिल कुणाच्या नावावर होतं?"

"आपल्याच. खोल्यांचा खर्च तो. पहिल्या दिवशीच सांगितलं मी त्यांना, दुकानदाराने नंबर विचारला की हा सांगायचा म्हणून."

"मावशी. साहेबाने विचारलं तेव्हा तू म्हणालीस, नंबर कुणाला दिलेला नाही."

"दिला कुठे?" मावशी खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "मी त्यांना पाव आणायला सांगितलं."

भिंगी जिन्याकडे धावली. वरून बॅगांची चेन ओढल्याचा आवाज येत होता.

५

स्टेशनमास्तर आयुष्यभर एका लहान स्टेशनावर नोकरी करून निवृत्त झाले होते आणि बायकोबरोबर पहिल्यांदाच परदेशी आले होते. भिंगी दारात उभी राहिली तेव्हा ते पलंगावर मोज्यांच्या जोड्या लावत होते. काकू आरशासमोर लोकरीची टोपी घालून बघत होत्या.

"बरी आलीस, बाळ," स्टेशनमास्तर म्हणाले. "उद्या दुपारी निघतो आम्ही. किल्ली कुठे ठेवायची ते कळलं. तो नंबर कुठे परत करायचा?"

भिंगी आत येऊन पलंगाच्या कडेला बसली. मग तिने विचारलं, "काका, तो नंबर तुम्ही कुठे कुठे सांगितलात?"

"जिथे विचारला तिथे. सगळीकडे विचारतात की."

त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. पहिल्या दिवशी घरमालकिणीने नंबर दिला, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं होतं. त्यांच्या नोकरीत पुढच्या स्टेशनाने फोनवर आकडा सांगितल्याशिवाय गाडी सोडायची नसते, आणि आकडा का, कशाचा, हे विचारायचं नसतं. मिळाला की जपायचा आणि विचारला की बिनचूक सांगायचा. इथेही प्रत्येक गल्ल्यावर माणूस आकडा विचारत होता. म्हणजे ज्याच्या घरी उतरतो त्याने पाहुण्याला नंबर द्यायचा, अशी इथली पद्धत असणार.

पण मध्येच त्यांना शंका आली होती. नवऱ्याबायकोला एकच नंबर कसा चालेल? त्यांनी चौकशी केली. पैसे बदलताना खिडकीतली मुलगी म्हणाली, नंबर लागतो, पण घर घ्यायचं असेल तर. टॅक्सीवाल्याने विचारलं, तुमच्या देशात कर भरता ना, मग झालं. कॉफीवाला म्हणाला, नंबर नको, काका, नंबर नको, आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला नंबर विचारला. एका बाईने तर त्यांना पोलीस चौकीचा रस्ता दाखवला. शेवटी कुणाचंच ऐकायचं नाही आणि घरमालकिणीने सांगितलंय ते करायचं, असं त्यांनी ठरवलं.

"मी म्हटलं होतं," काकू टोपी काढत म्हणाल्या. "त्या स्केटिंगवाल्याने विचारलंही नव्हतं. हेच आपण होऊन सांगत बसले."

"विचारणार होता तो."

"पडलात ते सांगा की तिला. नंबर सांगितला आणि दोन पावलांत आडवे."

भिंगीने त्यांना मावशीच्या पायाची, सुनावणीची आणि टोप्यांची हकिगत सांगितली. ऐकता ऐकता स्टेशनमास्तर उभे राहिले. त्यांच्या हातातला मोजा खाली पडला. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक गाडी चुकीच्या रुळावर गेली नव्हती.

"मला पकडतील का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, काका. पण उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर यायला हवं. तुम्ही गेलात की मावशीचं कुणी खरं मानणार नाही."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. दुपारचं विमान होतं, कार्यालय गावाच्या दुसऱ्या बाजूला होतं, आणि कुणी पकडणार नाही हे सांगणारी मुलगी फक्त पाणी तपासत होती.

"त्या बाईने पहिल्या रात्री आपल्याला स्वतःची रजई दिली होती," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बूट पुसून ठेवा. सकाळी जाऊ."

६

कार्यालयात पडताळणी अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. स्टेशनमास्तरांनी स्वतःचा पासपोर्ट, केबल कारचं तिकीट आणि गुडघ्यावरचं खरचटलेलं, असं सगळं त्याच्यासमोर मांडलं. काकूंनी टोपी घालून दाखवली. तिकिटावरची तारीख आणि वेळ नोंदीशी तंतोतंत जुळत होती.

"पर्यटकाला नंबर लागत नाही," अधिकारी जरा दुखावल्या आवाजात म्हणाला.

"मला आता कळलं, साहेब," स्टेशनमास्तर म्हणाले. "तुम्ही ते कुठेतरी लिहून लावा."

अधिकारी कॉम्प्युटरकडे वळला आणि जबाब टाइप करू लागला. नाव घातलं, पासपोर्ट घातला. मग त्याची बोटं थांबली. त्याने पडद्याकडे पाहिलं, एक बटण दाबलं, पुन्हा दाबलं. पडदा तिथेच उभा होता.

"काय झालं?" भिंगीने विचारलं.

"साक्षीदाराचा कर क्रमांक मागतोय," अधिकारी म्हणाला. "तो घातल्याशिवाय पुढे जात नाही."

स्टेशनमास्तरांनी सवयीने तोंड उघडलं, पहिला आकडा बाहेर पडला, आणि काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

अधिकाऱ्याने शेजारच्या टेबलावर विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, शून्यं घाला. शून्यं घातली, पडदा लाल झाला. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, पर्यटकाला नंबर लागत नाही. मग घालू काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, नंबर. अधिकाऱ्याने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. पहिल्यांदाच भिंगीला तो माणसासारखा दिसला.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत काकू म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडे पेन आहे?"

पेन होतं. अधिकाऱ्याने कोऱ्या कागदावर जबाब हाताने लिहिला. स्टेशनमास्तरांनी प्रत्येक ओळ दोनदा वाचली, एका ठिकाणी वेळ दुरुस्त करायला लावली आणि मग सही केली. त्याखाली अधिकाऱ्याने शिक्का मारला. शिक्का एवढ्या जोरात बसला, की शेजारच्या बाई दचकल्या.

"हे चालेल ना?" भिंगीने विचारलं.

"माहीत नाही," अधिकारी म्हणाला. मग त्याने कागद स्वतःच्या फायलीत घातला आणि खणाला कुलूप लावलं. "पण तुमच्या मावशींची सेवा मी थांबवत नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

स्टेशनमास्तर आणि काकू तिथूनच विमानतळाकडे गेले. टॅक्सीत बसताना स्टेशनमास्तरांनी भिंगीला पुन्हा एकदा विचारलं, की विमानतळावर चहा घेतला आणि तिथे नंबर विचारला, तर काय सांगायचं. नाही म्हणायचं, ती म्हणाली. फक्त नाही. ते मान हलवत होते, पण त्यांना पटलेलं दिसत नव्हतं.

भिंगी घरी पोचली तेव्हा व्यायामवाली बाई आलेली होती. मावशीच्या खोलीचं दार बंद होतं. भिंगी अंगणातच थांबली. शिंपीणबाईचं मशीन थांबलं होतं. तीही खिडकीतून कान देऊन उभी होती. आत आधी ताईचा शांत आवाज आला, मग पलंग करकरला, आणि मग मावशी अशी ओरडली, की छपरावरची कबुतरं उडाली. त्यापाठोपाठ ताईच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला.

"वाकला का?" शिंपीणबाईने खिडकीतून विचारलं.

भिंगीने कान देऊन ऐकलं. आत शिव्या थांबल्या होत्या आणि मावशी धापा टाकत म्हणत होती, "अजून थोडा वाकव. मेले तरी चालेल, अजून थोडा."

"वाकतोय," भिंगी म्हणाली.